वाळवंटातल्या नद्यांचं पाणी येतं कुठून?

वाळवंट म्हणजे उष्णता, असं अनेकदा म्हटलं जातं, पण ते मला पटत नाही. वाळवंट ठरतं ते पावसाच्या कमतरतेवरून. म्हणून तर अंटार्क्टिका हे जगातलं सर्वांत मोठं वाळवंट मानलं जातं, आणि गोबीत हिवाळ्यात बर्फही पडतं.

बऱ्याचदा हा पाऊस अडवतो तो डोंगर. अँडीज पर्वत बघा. दक्षिणेकडे पश्चिमेचे वारे चिलीच्या उतारांवर पाऊस रिता करतात आणि पलीकडे अर्जेंटिनातलं पॅटागोनिया कोरडं राहतं. उत्तरेत नेमकं उलट! तिथे पूर्वेकडून येणारं बाष्प अँडीज अडवतो, पश्चिमेला हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह ढगांना पाऊस होऊ देत नाही, आणि या दोन्हींच्या मध्ये अटाकामाचं वाळवंट सापडतं.

पण तेच डोंगर वाळवंटांना नद्याही देतात, हा मुद्दा चर्चेत यायलाच हवा. नाईलचा पूर इथिओपियाच्या पठारावरच्या पावसाचा. मध्य आशियातली अमू दर्या नदी पामीर पर्वताच्या बर्फावर जगते.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती आफ्रिकेतली ओकावांगो नदी. अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम, मग नामिबिया, आणि बोत्स्वानात कालाहारीच्या वाळूत शेवट. समुद्र तिला भेटतच नाही. अंगोलातल्या उन्हाळी पावसाचं पाणी (तिथला उन्हाळा डिसेंबर-फेब्रुवारीच्या सुमाराचा) सपाट प्रदेशातून इतकं सावकाश सरकतं की त्रिभुज प्रदेशात पूर येतो तो जून ते ऑगस्टच्या सुमाराला, म्हणजे ऐन कोरड्या हंगामात. आभाळात ढग नसताना पाणी चढत जातं आणि हत्तींचे कळप तिकडे वळतात.