जुन्या चिनी मातीच्या वस्तू घरात मांडायच्या आहेत: भिंतीवर काय, फळीवर काय, धुवायचं कसं?

कोनाडा
वस्तू अशा आहेत: निळ्या-पांढऱ्या छापील नक्षीच्या सात बशा (व्यास २० ते २८ सेंमी, त्यातल्या दोन बशांच्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, बारीक तड्यांची जाळी), अरुंद बुडाच्या ४५ सेंमी उंच दोन फुलदाण्या, तपकिरी स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजलेल्या टणक मातीची) झाकणाची बरणी, ग्लेझ नसलेला लाल मातीचा घट आणि सोनेरी काठाची किटली. किटलीचा कान पूर्वी कोणीतरी चिकटवलेला आहे. बशा भिंतीवर आणि बाकी सगळं उघड्या फळीवर असा विचार आहे. बशांना कोणते हँगर घ्यावेत? फुलदाण्या कलंडू नयेत म्हणून काय करावं? आणि डाग कसे काढावेत?

निळीरेघ
आधी प्रत्येक वस्तू तपासा, जागा त्यानंतर ठरवा. बशी तळहातावर मोकळी ठेवून काठावर हलकी टिचकी मारा. पोर्सेलीन (पांढरी चिनी माती) किंवा स्टोनवेअर खणखणलं तर बहुधा अखंड आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. मऊ मातीची, कमी तापमानाला (साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअस) भाजलेली भांडी मात्र धडधाकट असली तरी बद्दच वाजतात, त्यामुळे लाल घटाला ही कसोटी लावू नका. जुनी डागडुजी शोधायला अंधारात अतिनील टॉर्च फिरवा. वरून रंगवलेला भाग मूळ ग्लेझपेक्षा वेगळा चमकतो.

आता हँगर. स्प्रिंगचे तारेचे हँगर काठाला चार ठिकाणी धरतात आणि सतत आत ओढत राहतात. काठापासून निघालेली चीर असेल तर त्या ताणाने ती हळूहळू वाढते. म्हणून चिरलेली बशी भिंतीवर नको, स्टँडवरच ठेवा. अखंड बशीलाही तारेच्या आकड्यांवर प्लास्टिकची नळी हवीच, नाहीतर काठाचे टवके उडतात. स्प्रिंग जेमतेम ताणली जाईल असं माप घ्या. फार ताणून बसवावा लागला तर तो हँगर त्या बशीचा नाही.

मागे चिकटवायची गोल चकती दिसत नाही म्हणून लोकांना आवडते, पण तिचा डिंक पाण्याने ओला करून लावतात आणि काढतानाही भिजवावा लागतो. जाळी पडलेल्या ग्लेझमधून ते पाणी आणि डिंक आत मुरतो आणि पिवळट डाग उरतो. तुमच्या त्या दोन बशा त्यामुळे फळीवर, स्टँडवर. बाकीच्या पाचांना चकती चालेल, मात्र पाठ गुळगुळीत ग्लेझची, कोरडी आणि तेलकटपणा नसलेली हवी. लावल्यावर पूर्ण एक दिवस बशी पालथी ठेवा, मग कडीला हाताने ओढून बघा आणि नंतरच टांगा. भिंतीत खिळा न ठोकता प्लग घालून स्क्रू बसवा.

मांडणीसाठी बशांच्या मापाचे कागदी गोल कापून आधी भिंतीवर चिकटपट्टीने लावा. सगळ्यात मोठी बशी मध्यापासून थोडी बाजूला ठेवा, बाकीच्या तिच्याभोवती ५ ते ८ सेंमी अंतर राखून. समूहाचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंमीवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला बरोबर दिसतो. भिंत मात्र झगझगीत पांढरी नको. जुन्या बशांचा पांढरा रंग निळसर किंवा सायीसारखा असतो आणि शुभ्र भिंतीवर तो मळका वाटतो. करडा-निळा किंवा मातकट हिरवा रंग असेल तर तीच बशी एकदम उजळते.

मातीगंध
धुण्याबद्दल: ब्लीच अजिबात नको. डाग फिका पडतो खरा, पण त्यातले क्षार जाळीतून आत जातात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते ग्लेझ आतून ढकलून पापुद्रे उडवतात. हे नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून लोक पुन्हा पुन्हा तेच करतात. याची मला फार हळहळ वाटते, कारण तो डाग बहुतेक वेळा खुपतही नसतो.

अखंड बशांसाठी प्लास्टिकचं टब, तळाला टॉवेल, कोमट डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने पुसा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, उभ्या ठेवून वाळवा. नळाला भांडं लावू नका, धातूला आपटून टवका उडतो.

किटली पाण्यात बुडवू नका. जुन्या डागडुजीत प्राण्यांचा सरस असेल तर कोमट पाण्यात तो विरघळतो आणि कान हातात येतो. सोनेरी काठ ग्लेझच्या वर, कमी तापमानाला बसवलेला असतो, त्यामुळे घासला की जातो. ओलसर कापसाच्या बोळ्याने फक्त बाकीचा पृष्ठभाग पुसा. उचलताना दोन्ही हात बुडाखाली घाला, कानाला कधीच धरू नका. चिकटवलेल्या वस्तूला थेट ऊनही नको. ग्लेझला त्याने काही होत नाही, पण डागडुजीचा गोंद आणि रंग पिवळा पडतो.

लाल घट कोरड्या ब्रशने झाडा, बस. त्यावर पांढरी भुकटी दिसली तर ते क्षार आहेत. वरून वार्निश मारलं तर ते त्याखाली साठून पृष्ठभाग सोलवतात. कोरड्या जागी हलवा.

बुडकडं
फुलदाण्यांबद्दल: धुतलेली, पूर्ण वाळवलेली वाळू झिपच्या पिशवीत भरा (समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं) आणि ती पिशवी आत सोडा. आतली एक तृतीयांश उंची भरली की गुरुत्वमध्य खाली येतो. वाळू सुटी ओतू नका, ओरखडे पडतात आणि उलटी करताना सगळी अंगावर येते. त्याशिवाय बुडाच्या कडाला तीन ठिकाणी वाटाण्याएवढं म्युझियम वॅक्स (वस्तू फळीला धरून ठेवणारं चिकट मेण) लावा. फुलदाणी काढताना सरळ वर न उचलता हलकेच फिरवून सोडवा. बरणीचं किंवा घटाचं बूड बिनग्लेझचं असेल तर तिथे वॅक्स नको, तेलकट डाग आत मुरतो. त्यांच्याखाली पातळ फेल्ट ठेवा आणि फळीच्या कडेला दोन सेंमीची पट्टी मारा.

कोनाडा
आभार. एका फुलदाणीचा दिवा करायचा असेल तर बुडाला भोक पाडावं का? आणि दुसरीत ताजी फुलं चालतील?

बुडकडं
भोक नको. तोंडात रबरी बुचावर बसणारा दिव्याचा अडॅप्टर मिळतो, वायर बाजूने बाहेर येते आणि भांडं जसंच्या तसं राहतं. एलईडी बल्ब घ्या. फुलांसाठी आत काचेची अरुंद नळी ठेवा, पाणी तिच्यातच.

निळीरेघ
बरणी फक्त शोभेसाठी ठेवा. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं.

बशांच्या पाठीवरचा शिक्काही बघून घ्या. देशाचं नाव इंग्रजीत छापलेलं असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर ते सक्तीचं झालं. शंकरपाळ्याच्या आकाराचा ब्रिटिश नोंदणी शिक्का १८४२ ते १८८३ मधला, पण ती तारीख नक्षीच्या नोंदणीची, बशीची नव्हे. शिवाय शिक्क्याची नक्कल करता येते, म्हणून बुडाच्या कडावरची झीजही भिंगाने बघा. खरी झीज वेडीवाकडी आणि टेकणाऱ्या भागापुरतीच असते, सँडपेपरने मुद्दाम केलेली समांतर आणि सगळीकडे सारखी. नक्कल निघालेली बशी आवडत असेल तर ती दाराजवळच्या, धक्का लागणाऱ्या भिंतीवर लावा आणि खऱ्या जुन्या आतल्या बाजूला.