पूलांक, इबेर, मियो: मिश्कील फ्रेंच ऑर्केस्ट्रा संगीताची कोणती मुद्रणं ऐकावीत?

तिरकिट:
फ्रेंच संगीतकार पूलांकच्या 'ले बिश' या बॅलेची मुद्रणं शोधली तर बहुतेकांत पाच ट्रॅक निघतात, एखाद्यात नऊ. मूळ कोणतं? दुसरं, १९५०-६०च्या काळातली पॅरिसची खरखरीत मुद्रणं घ्यावीत की अलीकडची स्वच्छ? तिसरं, इबेरच्या 'दिव्हर्तिस्मां'मधला 'पराद' हा भाग हेडफोनवर सपाट ऐकू येतो. मुद्रणातच दोष आहे की ॲपमध्ये?

मंद्रसप्तक:
पहिल्या प्रश्नापुरतं. 'ले बिश' हा दियागिलेवच्या 'बॅले रूस' या नृत्यसंस्थेचा बॅले. निजिन्स्काचं नृत्यदिग्दर्शन, मारी लोरांसँचं नेपथ्य आणि वेशभूषा, पहिला प्रयोग मोंते कार्लोत, जानेवारी १९२४. त्यात नऊ भाग आहेत आणि त्यांतल्या तीन भागांत कोरस गातो. १९३९-४०मध्ये पूलांकने गाणी आणि ओव्हर्चर (सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा) वगळून, वाद्यमेळ नव्याने बांधून पाच भागांचा स्वीट, म्हणजे नृत्याविना वाजवायचा संच, केला: रोंदो, आदाजिएत्तो, रॅग-माझुर्का, आंदांतिनो, फिनाले. बाजारात बहुतेक हाच मिळतो.

पूर्ण बॅले हवा असेल तर कंडक्टर झोर्झ प्रेत्रचं फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रासोबतचं, अँब्रोझियन सिंगर्स हा कोरस असलेलं १९८०चं मुद्रण. घोळ असा की याच प्रेत्रने पॅरिस काँझर्व्हातुआरच्या ऑर्केस्ट्राबरोबर १९६०च्या दशकात नुसता स्वीटही मुद्रित केला आहे आणि शोधयादीत दोन्ही शेजारी येतात. मुखपृष्ठावर जाऊ नका. कोरसचं नाव आहे का बघा आणि एकूण वेळ बघा. स्वीट वीस मिनिटांच्या आसपास संपतो, पूर्ण बॅलेला पस्तीसेक मिनिटं लागतात.

आडवाताल:
जुनी की नवी? या संगीतापुरतं तरी जुनी, आणि ते स्मरणरंजन नव्हे. त्या काळच्या फ्रेंच बसूनचा (बसून हे खालच्या सुरांचं फुंकवाद्य) आवाज जर्मन बसूनपेक्षा बारीक, थोडा नाकातला. हॉर्न आणि ट्रम्पेटच्या स्वरात हलकं कंपन. अशी वाद्यं एकमेकांत विरघळत नाहीत, प्रत्येकाचा सूर वेगळा कळतो, आणि पूलांकची गंमत तिथेच आहे: रोंदोत ट्रम्पेट चौकातल्या बँडसारखी धून वाजवतो आणि खालची तंतुवाद्यं राजदरबारी थाटात चालतात. गुळगुळीत, एकजीव ऑर्केस्ट्रात हा विजोडपणा ऐकूच येत नाही. काँझर्व्हातुआरचा ऑर्केस्ट्रा १९६७मध्ये बंद होऊन ऑर्केस्त्र द पारी उभा राहिला. पुढे तो जुना नाद फ्रान्समध्येही विरळ होत गेला.

कंडक्टर देझोर्मिएरचं डेक्का कंपनीसाठीचं 'ले बिश' मोनो आहे, तरी लयीला इतकं नेमकं की आधी तेच ऐका. इबेरसाठी कंडक्टर मार्तिनोंचं १९६०चं, काँझर्व्हातुआरच्याच ऑर्केस्ट्राचं डेक्का मुद्रण. स्टिरिओ, झणझणीत. (लुई फ्रेमोचं बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राचंही चांगलं आहे. त्यात 'ले बिश'चा स्वीट आणि 'दिव्हर्तिस्मां' दोन्ही मिळतात.)

कुठलंही मुद्रण पारखायचं तर 'दिव्हर्तिस्मां'चा 'कोर्तेज' लावा. मूळ नाटक फ्रेंच नाटककार लाबिशचं, लग्नाच्या वरातीच्या गोंधळाचं, म्हणून मध्येच मेंडेल्सोनचा वेडिंग मार्च डोकावतो. चांगला कंडक्टर तिथे लय सोडत नाही, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जातो. वाईट कंडक्टर तिथे रेंगाळतो, हशाची वाट बघणाऱ्या नटासारखा. फिनालेतल्या पोलिसी शिट्टीचंही तेच. शिट्टी तालात यायला हवी, तालाच्या वर नाही.

खुंटीपिळ्या:
'पराद'बद्दल. हा मार्च दुरून येतो, समोरून जातो आणि पुन्हा दूर निघून जातो. सगळी करामत आवाजाच्या चढउतारात. तो गेला की उरतं काय?

ॲपमध्ये 'नॉर्मलायझेशन' बघा. साधं नॉर्मलायझेशन आख्ख्या ट्रॅकची पातळी वरखाली करतं, आतला चढउतार तसाच राहतो. पण पातळी 'लाऊड'वर असेल तर काही ॲप्स लिमिटर लावतात आणि शिखरं कापली जातात. पूर्ण बंद करा. फोनमधलं 'साऊंड एन्हान्समेंट' किंवा 'नाइट मोड' वेगळं असतं, तेही बंद. नॉर्मलायझेशन चालूच ठेवायचं असेल तर तुकडे प्लेलिस्टमध्ये न टाकता अल्बम सलग लावा. नाहीतर ॲप 'नोक्तुर्न'सारखा हळू भाग वर उचलतं आणि पुढचा वाल्स आल्यावर धक्का बसतो, तोही इबेरने न ठरवलेला. क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर.

एवढं करूनही सपाट वाटलं तर तो रीमास्टरच, म्हणजे जुन्या मुद्रणाची नव्याने केलेली प्रतच, दाबलेला आहे. त्याच मुद्रणाची दुसरी आवृत्ती शोधा.

तिरकिट:
लाऊडवरच होतं! आता पथक खरंच गल्लीच्या टोकाशी जातंय. 'पराद' शोधताना साती या संगीतकाराचाही एक 'पराद' आला. आणि मियोचं कोणतं?

मंद्रसप्तक:
नाव एक, चीज वेगळी. सातीचा 'पराद' हा १९१७चा आख्खा बॅले: कवी कॉक्तोची कल्पना, पिकासोचं नेपथ्य, आणि स्वरलेखनात टाइपरायटर, सायरन, पिस्तूल. अंताल दोरातीचं १९६५चं लंडन सिंफनीबरोबरचं, मर्क्युरी कंपनीचं मुद्रण घ्या, त्यातच मियोचा 'ल बफ स्युर ल त्वा' आहे. टाइपरायटर ऑर्केस्ट्राच्या पुढे आणून ठेवलेला वाटला तर ते मुद्रण सोडा. तो तालवाद्य म्हणून लिहिला आहे.

मियोसाठी बर्नस्टाईनचं १९७६चं, फ्रान्सच्या राष्ट्रीय ऑर्केस्ट्राचं मुद्रणही हाताशी ठेवा. मुख्य धून फिरून फिरून येते आणि बाराही मेजर पट्ट्यांतून जाते. मधल्या ब्राझिली धुनांत वरचा सूर एका पट्टीत, साथ दुसऱ्या पट्टीत. पहिल्यांदा ऐकताना वादक चुकला असं वाटतं. तसं वाटलंच नाही, तर कंडक्टरने ते झाकलं आहे.