समाजमाध्यमांमुळे गल्ल्यात किती आले, हे मोजायचे कसे?

मसालेवाली, कोल्हापूर
आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. मिरची वाळवण्यापासून ती कांडपावर कुटेपर्यंतची छायाचित्रे मी गेली दोन वर्षे इन्स्टाग्रामवर टाकते आणि त्यांना लाइकही भरपूर मिळतात. पण हिशेब पाहणारे माझे थोरले दीर विचारतात, की यातून गल्ल्यात किती आले? मला उत्तर देता येत नाही. या विषयावरचे एखादे पुस्तक कोणी सुचवाल का?

पानोपानी
ताई, चार्लीन ली आणि जॉश बर्नॉफ यांचे २००८ सालचे ‘ग्राउंडस्वेल’ जरूर वाचा. आपले ग्राहक कोण, हे आधी पाहावे, मग आपल्याला काय साधायचे ते ठरवावे, त्यानंतर मार्ग आखावा आणि माध्यम सर्वांत शेवटी निवडावे, हा त्यातला क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण बहुतेक जण आधी खाते उघडतो आणि मग त्याचे काय करायचे ते शोधत बसतो.

जमाखर्च
पुस्तकाशी सहमत आहे, मात्र नुसत्या विक्रीच्या आकड्यावर जाऊ नका. जेफ जार्व्हिस या पत्रकाराने २००५ साली आपल्या डेल लॅपटॉपविषयीची तक्रार ब्लॉगवर मांडली आणि ती गाजली. पुढे कंपनीने स्वतःचा ब्लॉग आणि २००७ मध्ये ग्राहकांच्या सूचनांसाठी ‘आयडियास्टॉर्म’ सुरू केले. ट्विटरमुळे तीस लाख डॉलरची विक्री झाल्याचे कंपनीने २००९ साली सांगितले, तेव्हा त्याचा मोठा गवगवा झाला. पण तिची वार्षिक उलाढाल सहा हजार कोटी डॉलरच्या घरात होती. माझ्या मते खरी कमाई तक्रार वेळेवर कानी येण्यात होती.

देवगडकर
आम्ही हापूसच्या पेट्या थेट विकतो. मागणीच्या वहीत ‘कोणाकडून कळले’ असा एक रकाना आखला आहे आणि फोनवरच विचारून तो भरतो. आंब्यात साका का होतो, म्हणजे वरून चांगले दिसणारे फळ आतून खराब का निघते, आणि तसे फळ निघाले तर आम्ही काय करतो, हे एकदा सविस्तर लिहिले होते. लाइक जेमतेम मिळाले, पण ते वाचून फोन करणारी बरीच घरे पुढच्या हंगामातही आली, हे वहीमुळेच कळले.

मसालेवाली, कोल्हापूर
सर्वांचे मनापासून आभार. रकाना आजच आखते. एक शंका आहे: जुन्या गिऱ्हाइकाने माझी पोस्ट दाखवून मैत्रिणीला आणले, तर नोंद कशी करावी?

देवगडकर
दोन्ही लिहा, ताई. आम्ही आधी माणसाचे नाव लिहितो आणि त्यापुढे पोस्टची तारीख.