छर्रे, हात आणि पोहे
मुलांना नेमबाजी शिकवावी का, या चर्चेत काहींनी लिहिलंय की मुलांच्या हाती बंदूक दिली की ती आक्रमक होतात. ते मला अजिबात पटत नाही. माझी लेक अकराव्या वर्षापासून इथे इंदूरला दहा मीटर एअर रायफलला, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलने दहा मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरायला शिकायला जातेय. पहिले तीन आठवडे तिला छर्रा, म्हणजे या रायफलची छोटी गोळी, मिळालाच नाही. नुसतं उभं राहणं, श्वास आणि रिकामी रायफल स्टँडवर टेकवून धरणं. नळी रिकामी आहे हे दिसावं म्हणून तिच्यातून आरपार रंगीत दोरी घातलेली असते, सरांनी सांगितल्याशिवाय ती काढायची नाही. आणि लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा तो ठिपका केवढा, तर ०.५ मिलिमीटर! चिडलेल्या पोराला तो साधणं शक्यच नाही.

मात्र एक गोष्ट या चर्चेत कुणीच लिहिलेली नाही. हे छर्रे बहुधा शिशाचे असतात. तासाभराच्या सरावानंतर लेकीच्या चिमटीला करडा रंग लागलेला असायचा आणि आम्ही रेंजवरून थेट पोहे-जिलबी खायला! त्याच बोटांनी शेव उचलून तोंडात. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, दोन महिन्यांनी एका दुसऱ्या पालकांनी टोकलं. शिसं वाढत्या वयाच्या मुलांना फार घातक, मेंदूवर परिणाम करतं. तेव्हा सराव संपला की आधी साबणाने हात धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरने शिसं जात नाही. रेंजवर खाणंपिणं नको, छर्रे तोंडात धरणं तर मुळीच नको. घरी आल्यावर कपडेही बदलायला लावा. रायफल विकत घ्यायची घाई करू नका, पण ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.