घरचं वेदर स्टेशन कुठलं घ्यावं? (निफाड, द्राक्षबाग)

बागवाला_निफाड:
नमस्कार मंडळी, घर बागेतच आहे, दोन एकर द्राक्ष. मोबाईलवर पाऊस दाखवतं आणि इथे एक थेंब नाही, कधी बरोबर उलटं, मग डावणीची (द्राक्षावरचा डाऊनी मिल्ड्यू रोग) फवारणी कधी घ्यायची तेच कळत नाही. बजेट बेताचं आहे, काय बघून घेऊ?

कोकणी_पागोळी:
दादा, आधी पर्जन्यमापक बघा. काहींमध्ये थेंब आपटण्यावरून नुसता अंदाज काढतात, त्यापेक्षा टिपिंग बकेटवालं घ्या, आत छोटी वाटी असते ती भरली की कलंडते, बऱ्याच मॉडेलमध्ये ०.२ मिमीला एकदा. धो धो पावसात तेही थोडं कमीच मोजतं, म्हणून मी शेजारी साधा हाताने मोजायचा मापक ठेवलाय आणि रोज सकाळी साडेआठला वाचतो, हवामान खातंही तेव्हाच मोजतं. आणि साफ ठेवा हो! माझ्या गाळणीत पानं अडकली, बाहेर पागोळ्या गळतायत आणि स्क्रीनवर शून्य.

रोपवाटिका_ताई:
डावणीसाठी पान किती तास ओलं राहतं हे फार महत्त्वाचं, त्यामुळे लीफ वेटनेस सेन्सर नंतर जोडता येतो का ते आधीच विचारा. तापमानाचा सेन्सर पत्र्याजवळ अजिबात नको, पांढऱ्या झडपांच्या कव्हरमध्ये, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, मोकळ्या हवेत.

बागवाला_निफाड:
ताई, लीफ वेटनेसचं माहीतच नव्हतं, खूप आभार. तो वेलीच्या आत कॅनॉपीत लावायचा की वर?

रोपवाटिका_ताई:
आत, घडांच्या उंचीला.