पेंटबॉलचा मार्कर घ्यायचाय, कुणाला माहितीय का?

बी-३०२: नमस्कार मंडळी, पोरांना आणि खरं सांगायचं तर आपल्यालापण खेळायला पेंटबॉलचे दोन मार्कर घ्यावेत म्हणतोय, पाव्हण्यांचं रान हाय पन्हाळ्याच्या वाटेवर, ऊस तुटला की मोकळंच पडतंय. स्वस्त आणि टिकाऊ कुठला घ्यावा?

ए-१०१ काकू: मार्कर विकत कशाला, माझ्या शिकवणीच्या फळ्याचे चार पडलेत की घरात

बी-३०२: काकू तो नव्हे ओ 😄 रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक, तिला मार्करच म्हणतात

सी-२०४: काकू अगदीच चुकल्या नाहीत बरं का. अमेरिकेत तोडायच्या झाडांवर आणि जनावरांवर लांबनं रंगाची खूण करायलाच ही वस्तू निघाली. १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायरात १२ जण ती घेऊन रानात एकमेकांवर खेळले, तिथनं खेळ सुरू. आणि जिंकला कोण, तर ज्यानं एक पण गोळी मारली नाही, गपचूप सगळे झेंडे गोळा करून आला गडी

डी-४०१ आबा: आमच्याकडं मेंढरांना रंग हातानंच लावत्यात.

बी-३०२: भावा तुला एवढं माहितीय तर सांग की. एकजण टिपमन ९८ नावाचा जुना मार्कर देतोय, आणि ऑनलाइन बघितलं तर सगळे प्लॅनेट इक्लिप्स कंपनीचा एमेक घ्या म्हणतात

सी-२०४: पुण्यात होतो तेव्हा दर रविवारी खेळायचो म्हणून सांगतो. एमेक भारीच, आवाज कमी, गोळी आतल्या आत फुटायचं प्रमाण कमी, पण गोळी ढकलायला त्याला कॉम्प्रेस्ड हवाच लागते, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड चालत नाही. ती बाटलीत ३००० नाहीतर ४५०० पीएसआय प्रेशरनं भरतात. कोल्हापुरात कुठं भरणार सांग आधी

ए-३०३: पंक्चरवाला हाय की कोपऱ्यावर

सी-२०४: त्याचा कॉम्प्रेसर दीडशेच्या आसपास मान टाकतो लेका 😂 म्हणून म्हणतो, मार्कर नंतर, गॅस आधी ठरव. सीओटू भरून देणारा मिळाला तर ९८ डोळे झाकून घे. बॉडी ॲल्युमिनियमची, दोन भाग स्क्रूनं जोडलेले, ॲलन कीनं उघडतो, शिरोलीत खराद्याकडं काम केलेला कुठला पण पोरगा दुरुस्त करेल. फक्त गादीवर बसून उघडू नको, मी उघडला आणि एक बारीक स्प्रिंग उडाली ती गादी, चादर, उशी सगळं झाडलं तरी गावली नाही, तिसऱ्या दिवशी बायकोच्या पायाला टोचली

ए-३०३: मग जुना घेताना बघायचं काय

सी-२०४: बाटली लाव आणि कान दे. फुस्स आवाज आला की ओ-रिंग, म्हणजे गॅस अडवणारी रबरी कडी, गेली, तेवढ्यावर नाही म्हणू नको, ती किरकोळ गोष्ट, उलट भाव पाड. नळी उजेडाकडं धरून आतनं बघ, ओरखडे नकोत. आणि सीओटूची बाटली वजनावर भरून घ्यायची, गच्च भरायची नाही. मे महिन्यात उन्हात गाडीत ठेवलीस तर आतलं प्रेशर असलं वाढतंय की सेफ्टी डिस्क फुटते. ऊन वाढलं की गोळीचा वेग पण वाढतो, म्हणून खेळायच्या आधी क्रोनोग्राफवर मोजायचा, ३०० फूट सेकंदाला ही वरची हद्द, पोरं असतील तर त्याच्या बरंच खाली ठेव

बी-३०२: क्रोनोग्राफ पण घ्यायचा??

सी-२०४: व्हय. आणि त्याच्या आधी मास्क. दोन मार्कर घेणार असशील तर एकच घे आणि उरलेल्या पैशात चांगले मास्क घे, दुहेरी काचेचे, वाफ न धरणारे. बाईकचा गॉगल नाही चालणार, तीन ग्रॅमची गोळी डोळ्याला लागली की डोळा जातो. माझी काच धुरकटली होती एकदा, वैतागून मास्क वर केला, पंचांनी तिथल्या तिथं बाहेर काढलं. तेव्हा राग आला, आता त्या माणसाचे पाय धरावेत वाटतं

डी-४०२ ताई: आणि गोळ्या? पावसाळ्यात साठवून ठेवल्या तर?

सी-२०४: नका ठेवू ताई, वरचं कवच जिलेटिनचं, आपल्या पावसात दमट होऊन फुगतात मग नळीत अडकतात. लागतील तेवढ्याच आणायच्या

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर हे चालणार नाही, आत्ताच सांगतो. आणि मागवायच्या आधी परवान्याचं पोलीस ठाण्यात विचारून घ्या. दिसायला बंदूकच आहे ती, गाडीत उघडी टाकून नेली तर नाक्यावर अडवतील

बी-३०२: हो साहेब. मग ठरलं, ९८ एकच, मास्क आठ. पैसे भरणाऱ्यांनी इथंच अंगठा द्या

ए-१०१ काकू: कपड्यावरनं रंग निघतो का तेवढं सांगा

सी-२०४: पाण्यानं निघतो काकू, वाळायच्या आत धुवायचं

डी-४०१ आबा: माझं पण नाव लिवा. मी झेंडे गोळा करतो, गोळी मारायची भानगड नाही.

सी-२०४: आबा मास्क तुम्हाला पण घालायला लागणार, मग नऊ सांगतो