टाइप सी सगळ्यांचं एकच, मग कॉपी व्हायला एवढा वेळ का?

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र)

सुनीता काकू, बी-२०४: कुणी जागं आहे का ग्रुपवर? उद्या दुपारी माझा जुना फोन एक्स्चेंजला न्यायला माणूस येतोय. फोटो आणि व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला बसलेय, सगळे मिळून २०० जीबी. लॅपटॉप म्हणतो ३ तास राहिले, मग म्हणतो ५, मग परत ३. नातवाचं बारसं, पहिली पावलं, सगळं त्यात आहे. अर्धवट राहिलं तर काय करू?

रोहन, सी-३०२: काकू, केबल बदला. फोनच्या बॉक्समधली असणार. माझ्याकडे २४० वॅटची आहे, कापडी विणीची, मागच्याच महिन्यात घेतली. आणून देतो.

सेक्रेटरी: सूचना : उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ करणार, पाणी भरून ठेवावे.

सुनीता काकू, बी-२०४: रोहन येऊन केबल लावून गेला. बाळा, थँक्यू, पण फरक काहीच नाही रे. आता ४ तास म्हणतोय.

रोहन, सी-३०२: शक्यच नाही. बाराशेची केबल आहे.

अद्वैत, ए-६०४: काकू, फोनचं मॉडेल सांगा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली 'अबाउट फोन'.

(काकूंनी पाठवलेला स्क्रीनशॉट)

अद्वैत, ए-६०४: हं. कंपनीच्या पानावर तुमच्या फोनपुढे 'टाइप सी' असं ठळक लिहिलंय आणि शेजारी बारीक अक्षरात 'यूएसबी २.०', म्हणजे डेटा नेण्याची जुनी, हळू पद्धत. आता रोहनची केबल काय, विमानातली केबल लावली तरी वेग तोच राहणार.

रोहन, सी-३०२: अरे पण २४० वॅट?

अद्वैत, ए-६०४: वॅट चार्जिंगचे असतात रे. फोटो जातात ते सेकंदाला किती मेगाबिट नाहीतर गिगाबिट (हजार मेगाबिट) या हिशेबात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. बाजारात २४० वॅटच्या कितीतरी केबली डेटाला यूएसबी २.० च आहेत. ॲपल स्वतः विकतं ती २४० वॅटची चार्ज केबलसुद्धा त्यातलीच. लॅपटॉप चार्ज करायला उत्तम, फोटो उतरवायला बॉक्समधल्या केबलइतकीच.

मेघना, बी-५०१: म्हणजे टाइप सी हे फक्त भोकाचं नाव?

अद्वैत, ए-६०४: अगदी. २०१४ साली हा आकार ठरला, कुठल्याही बाजूने घाला, बसतो. त्या आकारातून यूएसबी २.० जाऊ शकतं, ते २००० सालचं आहे, ४८० मेगाबिट. यूएसबी ३ जाऊ शकतं, ५ गिगाबिट, १० गिगाबिट. यूएसबी ४ तर ४० पर्यंत आणि नवी आवृत्ती ८० पर्यंत. सगळ्यांचं तोंड तेच. बाहेरून बघून कळायला मार्ग नाही.

परांजपे आजोबा, ए-१०१: अद्वैत, मी असं वाचलंय की त्या तोंडात २४ पिना असतात. इतक्या लागतात कशाला?

अद्वैत, ए-६०४: आजोबा, बरोबर वाचलंय. ४ पॉवरच्या, ४ ग्राउंडच्या. यूएसबी २.० च्या ४, कारण कुठल्याही बाजूने घातलं तरी चालायला हवं म्हणून तीच जोडी दोनदा. २ पिना 'प्लग कसा बसलाय आणि समोर कोण आहे' हे ओळखायला, २ इतर कामाला. उरल्या ८, म्हणजे ४ जोड्या, त्या खऱ्या वेगाच्या. यूएसबी ३ त्यांवरून चालतं. काकूंच्या फोनमध्ये त्या ८ पिनांच्या मागे काही जोडलेलंच नाही. बॉक्समधल्या केबलीतही बहुतेक वेळा त्या वायरी नसतात, म्हणून ती केबल बारीक आणि मऊ असते.

परांजपे आजोबा, ए-१०१: म्हणजे केबल टाकली ५० पेअरची आणि डीपीत, म्हणजे खांबावरच्या जोडणीच्या डब्यात, जोडले दोन. टेलिफोन खात्यात ३४ वर्षं हेच बघितलं.

अद्वैत, ए-६०४: हाहा, तंतोतंत.

देसाई काका, सी-१०४: *फॉरवर्ड केलेला संदेश* सावधान!! सरकारने जुने सर्व चार्जर बंद केले असून टाइप सी नसल्यास दंड!! ही माहिती सर्वांपर्यंत पोचवा

मेघना, बी-५०१: काका, असं काही नाहीये. कुणालाही दंड नाही. युरोपियन युनियनचा नियम आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना टाइप सी लागतं. लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. आपल्याकडे बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) २०२३ च्या जानेवारीत टाइप सीचं मानक प्रसिद्ध केलं. कुणाच्या घरातला चार्जर उचलून न्यायला कोणी येत नाही.

अद्वैत, ए-६०४: आणि मेघना, युरोपचा तो नियमही चार्जिंगपुरताच आहे. भोक एकसारखं हवं, १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या फोनने पॉवर डिलिव्हरी ही सामाईक पद्धत मानायला हवी, एवढंच. फोटो किती वेगाने जावेत याबद्दल त्यात चकार शब्द नाही. म्हणून तर हा गोंधळ वाढला. आधी लोकांना निदान दिसायचं की तोंड वेगळं आहे.

मेघना, बी-५०१: माझा आयफोन १५ आहे. तो तरी फास्ट असेल ना?

अद्वैत, ए-६०४: साधा १५ की प्रो?

मेघना, बी-५०१: साधा.

अद्वैत, ए-६०४: मग ४८० मेगाबिटच. २०१२ च्या आयफोन ५ ला लाइटनिंग (ॲपलचं टाइप सीच्या आधीचं भोक) आलं तेव्हा जो वेग होता तोच. २०२३ ला भोक बदललं, वेग फक्त १५ प्रो आणि प्रो मॅक्सला मिळाला, १० गिगाबिट. साध्या १५ मध्ये आदल्या वर्षीच्या प्रोची ए१६ चिप आहे, प्रोमधल्या ए१७ प्रोमध्ये वेगाचा कंट्रोलर, म्हणजे डेटाची ये-जा सांभाळणारा भाग, नव्याने आला. आणि गंमत म्हणजे प्रोच्या बॉक्समध्येही केबल यूएसबी २ चीच येते. १० गिगाबिट हवं तर केबल वेगळी विकत घ्या.

रोहन, सी-३०२: हे म्हणजे लूट आहे.

अद्वैत, ए-६०४: चिडायला हरकत नाही, पण दुसरी बाजूही बघ. बहुतेक लोक फोन वायरने कॉम्प्युटरला जोडतच नाहीत. ८ जास्तीच्या वायरी बोर्डवरून नीट ओढायच्या, वेगळा कंट्रोलर घालायचा, त्यात यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास होतो, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथच्या दारात. लॅपटॉपला यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह लावला की शेजारचा वायरलेस माउस अडखळतो, तो ह्याचमुळे. १५ हजाराच्या फोनमध्ये ती उस्तवार कोणी करत नाही, हे मला पटतं. ७०-८० हजाराच्या फोनला मात्र कारण पुरेसं वाटत नाही.

सुनीता काकू, बी-२०४: अरे बाबांनो, युरोप राहू द्या. माझं काय? ४० टक्के झालंय.

अद्वैत, ए-६०४: सॉरी काकू. आधी हिशेब सांगतो म्हणजे घाबरणार नाही. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ४८० मेगाबिट भागिले ८, ६० मेगाबाइट सेकंदाला. तो कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात ३५ ते ४० मिळतात. २०० जीबी भागिले ३५, साधारण दीड तास. तुमचा लॅपटॉप ३-४ तास म्हणतोय कारण हजारो छोटे फोटो आहेत. विंडोज आणि अँड्रॉइड ज्या पद्धतीने बोलतात ती प्रत्येक फाइलमागे थोडा वेळ खाते. मोठे व्हिडिओ भराभर जातात, व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगच्या हजार चित्रांवर गाडी अडते. म्हणून तो आकडा वरखाली नाचतो.

देसाई काका, सी-१०४: गुड मॉर्निंगवर टोमणा कळला.

सुनीता काकू, बी-२०४: मग बंद करू की चालू ठेवू?

अद्वैत, ए-६०४: चालू ठेवा. स्क्रीन लॉक झाली तरी केबल हलवू नका, आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही असं सेटिंग करा. हे झालं की राहिलेलं फोल्डर फोल्डरने घ्या. आधी 'डीसीआयएम', त्यात कॅमेऱ्याचं सगळं असतं. व्हॉट्सॲपची चित्रं शेवटी, ती नाही आली तरी चालेल. आणि कट-पेस्ट अजिबात नाही, कॉपीच. मध्येच तुटलं तर कटमध्ये काय कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं.

परांजपे आजोबा, ए-१०१: पेनड्राइव्ह थेट फोनला लावला तर?

अद्वैत, ए-६०४: लावता येतो, टाइप सीचा पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क). वायरचा वेग तोच राहतो, पण मधली विंडोजची बोलणी टळतात, त्यामुळे छोट्या फाइली बऱ्याचदा लवकर जातात. फक्त पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. फॅट३२ असला तर ४ जीबीच्या वरचा व्हिडिओ घेतच नाही, आणि काकूंच्या बारशाचा व्हिडिओ त्याहून मोठा असणार. जुनी फिरत्या तबकडीची हार्डडिस्क फोनला लावू नका, फोन तिला पुरेशी वीज देत नाही.

रोहन, सी-३०२: माझ्या फोनला यूएसबी ३.२ आहे, बघितलं आत्ता. म्हणजे माझी केबल बदलली की मी राजा.

अद्वैत, ए-६०४: अजून एक अडचण आहे. तुझी ती जुनी बाहेरची हार्डडिस्क सेकंदाला १००-१२० मेगाबाइट लिहिते. फोन, केबल, लॅपटॉपचं पोर्ट, डिस्क, या चारांत जो सगळ्यात हळू त्याच्या वेगाने सगळं चालणार. पण २०० जीबी मग अर्ध्या तासात होईल, हे काही वाईट नाही. केबल घेताना वॅटचा आकडा सोड, '१० जीबीपीएस' किंवा '२० जीबीपीएस' (सेकंदाला तेवढे गिगाबिट) लिहिलंय का ते बघ. तसली केबल जरा जाड असते आणि बहुतेक मीटरभरच लांब. दोन मीटरची, स्वस्त आणि वेगवान, असं तिन्ही मिळत नाही.

सुनीता काकू, बी-२०४: स्टेशनबाहेर ९९ ला मिळते ती?

अद्वैत, ए-६०४: काकू, तिच्यावर चार्जिंगही जपून. २०१५ मध्ये गूगलचा बेन्सन लियुंग नावाचा इंजिनियर ऑनलाइन मिळणाऱ्या टाइप सी केबली तपासायला लागला. एका केबलीत पॉवर आणि ग्राउंडच्या वायरी उलट जोडलेल्या निघाल्या, त्याचा तपासणीचा लॅपटॉपच कामातून गेला. आता परिस्थिती बरी आहे, पण ६० वॅटच्या वर जायचं असेल तर केबलीत ओळख सांगणारी चिप लागते, ती ९९ मध्ये कोण घालणार?

परांजपे आजोबा, ए-१०१: क्लब हाउसच्या भिंतीत आपण यूएसबीचे सॉकेट बसवले आहेत. त्यातून कोणी डेटा चोरू शकतं असं रिझर्व्ह बँकेनेच म्हटलं होतं ना?

मेघना, बी-५०१: हो आजोबा, त्यांच्या 'बी अवेअर' पुस्तिकेत ज्यूस जॅकिंग म्हणून आहे. पण आपले सॉकेट फक्त पॉवरचे आहेत, इलेक्ट्रिशियनसमोर मी उभी होते. बाहेर कुठे लावलं आणि फोनने 'फाइल ट्रान्सफर की फक्त चार्जिंग' विचारलं, तर चार्जिंग दाबायचं.

सुनीता काकू, बी-२०४: मला उलटा त्रास झाला होता सुरुवातीला. लॅपटॉपला फोन दिसेचना. मग वरून खाली ओढल्यावर तो पर्याय सापडला.

अद्वैत, ए-६०४: तोच. अँड्रॉइड मुद्दाम चार्जिंगवरच सुरू होतो. मेघना, तुझ्या आयफोनवरून विंडोजवर घेताना मध्येच एरर आली तर सेटिंग्जमध्ये फोटोजच्या तळाशी 'कीप ओरिजिनल्स' कर. 'ऑटोमॅटिक' असलं की फोन प्रत्येक फोटो जाता जाता बदलत बसतो आणि दमतो.

(रात्री उशिरा)

सुनीता काकू, बी-२०४: झालं!! डीसीआयएम सगळं आलं. अद्वैत, जेवायला ये कधीतरी, थालीपीठ करते.

अद्वैत, ए-६०४: नक्की काकू. फोन देण्याआधी तीन गोष्टी. लॅपटॉपवरचे पाच-सहा मोठे व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत सरकवून बघा. फोटो आले म्हणजे व्हॉट्सॲपच्या गप्पा आल्या असं नाही, त्या नव्या फोनवर 'ट्रान्सफर चॅट्स'ने वेगळ्या घ्या. आणि रिसेट करण्याआधी फोनमधून गूगल अकाउंट काढा, नाहीतर पुढच्याला तो उघडणार नाही आणि एक्स्चेंजवाला परत येईल.

सेक्रेटरी: कृपया रात्री ११ नंतर मेसेज टाळावेत. (अद्वैत, माझ्या मिसेसच्या फोनचं पण बघशील का उद्या)

देसाई काका, सी-१०४: एक शेवटचं. मी टाइप सी ते एचडीएमआय केबल आणली मॅचसाठी. टीव्हीवर काहीच येत नाही. फोन यूएसबी २.० चा आहे, आत्ताच बघितलं.

अद्वैत, ए-६०४: काका, तिथेही त्याच ८ पिना. चित्र त्या वेगाच्या जोड्यांवरून जातं. यूएसबी २.० च्या बहुतेक फोनमध्ये तिथे काही नसतं, म्हणून टीव्ही कोरा. अपवाद आहेत, मेघनाचा आयफोन १५ कॉपी करायला हळू असला तरी टीव्हीवर चित्र देतो, तिथे त्या जोड्या चित्रापुरत्या जोडल्यात. तुमच्या फोनवर ही केबल कधीच चालणार नाही. बिल असेल तर उद्याच परत करा.

देसाई काका, सी-१०४: मग मॅच?

मेघना, बी-५०१: टीव्ही स्मार्ट आहे ना काका? फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर ठेवा आणि ॲपमधून कास्ट करा. मी सकाळी खाली येताना लावून देते, पाणी जायच्या आधी.